मुरमाड जागेतला तरवड: उपटून आणू नका, बी पेरा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. सोलापूरजवळ पाच गुंठे जागा. वर चार बोटं माती, खाली निव्वळ मुरूम. बोअर मार्चमध्ये उसासे टाकतं. जास्वंद, मोगरा, एक्झोरा लावून झाले, पण दुसरा उन्हाळा कुणी पाहिला नाही. मग समोरच्या माळावर पिवळाधमक फुललेला तरवड पाहून भर पावसाळ्यात दोन झुडपं मुळासकट काढून आणली, रोज पाणी घातलं आणि महिन्याभरात ती वाळली. तुम्ही विचारता, "माळावर कुणी थेंबभर पाणी घालत नाही तरी तो जगतो, आणि माझ्या अंगणात रोज पाणी मिळूनही मरतो. असं का?"

झाडाची निवड तुम्ही अचूक केली आहे. चुकली ती आणायची पद्धत आणि नंतरचं रोजचं पाणी. मी वीसेक वर्षं बांधावर आणि बागांत देशी झुडपं लावतोय. सुरुवातीच्या काळात मीही माळावरचे तरवड खोदून आणले. चांगले कमरेएवढे, फुलावर आलेले निवडून आणले आणि एकही जगला नाही. त्यानंतर खोदून आणणं कायमचं सोडलं.

कारण जमिनीखाली आहे. तरवडाचं रोप वर वीतभर दिसायला लागतं तेव्हा त्याचं सोटमूळ त्याच्या कितीतरी पट खाली गेलेलं असतं. मुरमाच्या भेगा, सडलेल्या दगडातली फट, जिथे ओल सापडेल तिथे ते शिरतं. वरचा माळ वैशाखात भाजून निघतो तेव्हा हे झुडूप खालच्या त्या ओलीवर हिरवं राहतं. तुम्ही कुदळीने काढलंत ते वरचं झुडूप आणि मुळाचा वरचा तुकडा. पाणी आणणारा भाग माळावरच राहिला. उरलेल्या जखमी मुळाला रोज पाणी मिळालं, ते कुजलं आणि पानं वाळली. पानं वाळताना दिसली की माणूस आणखी पाणी घालतो. तुमच्याकडे हेच झालं असणार.

म्हणून बी. तरवड बियांपासूनच करायचा. फांद्यांच्या कलमांचा खटाटोप मी करून पाहिला आहे. मुळं फार थोड्या फांद्यांना फुटतात, आणि फुटली तरी त्यांना बियांच्या रोपासारखं सोटमूळ नसतं. ज्या गुणासाठी आपण हे झाड निवडलं, तोच गुण कलमात हरवतो.

बी गोळा करण्याआधी झाड नक्की ओळखा, कारण यात फसगत होते. एका रोपवाटिकेतून मला तरवड म्हणून वीस रोपं मिळाली होती. वर्षभराने फुलं आल्यावर कळलं की ती सेना सुराटेन्सिस आहेत, रस्त्याच्या दुभाजकांत लावतात ती पिवळ्या फुलांची दुसरी जात. फुलं पिवळी, पानं संयुक्त, त्यामुळे लहान रोपात चटकन फरक कळत नाही. खूण सांगतो. तरवडाच्या पानाचा देठ जिथे फांदीला जोडलेला असतो, तिथे दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी रुंद, हिरवी उपपर्णं असतात. ती गळून न जाता तिथेच राहतात. या कानांवरूनच त्याचं शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा असं पडलं. ऑरिक्युलाटा म्हणजे कान असलेली. जुन्या पुस्तकांत हेच झाड कॅशिया ऑरिक्युलाटा म्हणून सापडेल. एका पानावर ८ ते १२ पर्णिकांच्या जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये, मधल्या शिरेवर, एक बारीक उभी ग्रंथी असते. भिंग नसलं तरी नीट पाहिल्यास दिसते. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, फिकट तपकिरी, साधारण ७ ते ११ सेंटिमीटर लांब. आत १२ ते २० बिया, प्रत्येक बी आपल्या वेगळ्या खोलीत, त्यामुळे शेंगेवर फुगवट्यांची ओळ दिसते. पावसाळ्यात उगवून हिवाळ्यात संपणारा टाकळा हा याचाच भाऊबंद, पण त्याच्या पानात साधारण तीनच जोड्या आणि शेंगा लांब, बारीक असतात. टाकळ्याशी घोटाळा सहसा होत नाही, रोपवाटिकेत कॅशिया म्हणून विकतात त्या झुडपांशी होतो.

आता बी. टरफल चिवट असतं, पाणी आत शिरू देत नाही. माळावर हे ठीकच आहे. सगळं बी एकाच पावसात उगवलं आणि पुढे महिनाभर पाऊस ओढला तर पिढीच बुडेल, म्हणून ते थोडं थोडं, वर्षावर्षाच्या अंतराने उगवतं. आपल्याला मात्र एकदम उगवायला हवं. त्यासाठी बी पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकं घासायचं. चकाकी जाऊन मॅट दिसू लागलं की पुरे. डोळा असतो त्या टोकाला घासू नका, अंकुर दुखावतो. मग रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. बी जास्त असेल तर घासत बसू नका. पाणी उकळून गॅस बंद करायचा, दोन-तीन मिनिटांनी त्यात बी टाकायचं आणि रात्रभर तसंच निवू द्यायचं. सकाळी फुगलेलं बी पेरायचं, जे फुगलं नाही त्याला पुन्हा एकदा गरम पाणी. तरंगणारं बी फेकून द्या, ते बहुतेक किड्याने पोखरलेलं असतं. शेंगेवर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली तर त्या शेंगा घेऊच नका, आतला भुंगेरा बाहेर पडून गेला आहे.

पेरायचं कुठे? माझी पहिली पसंती थेट जागेवर. मृगाचा किंवा आर्द्राचा एक बरा पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाली की प्रत्येक ठिकाणी तीन-चार बिया, पेराएवढ्या खोल, एकमेकींपासून अर्ध्या-अर्ध्या फुटावर. आठ-दहा दिवसांत उगवतात. महिन्याभराने सगळ्यात जोमदार रोप ठेवून बाकीची उपटू नका, कात्रीने बुडापाशी कापा, म्हणजे राखलेल्या रोपाची मुळं हलत नाहीत. थेट पेरलेलं रोप पहिल्या वर्षी किरकोळ दिसतं, पिशवीतलं शेजारी डौलात उभं असतं. दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र बहुतेक वेळा उलटं चित्र दिसतं.

जागेवर उंदीर, कोंबड्या किंवा पावसाचा भरवसा नाही म्हणून पिशवीच वापरायची असेल, तर फूटभर खोल पिशवी घ्या. रुंदी कमी चालेल, खोली हवी. एप्रिलअखेर पेरा आणि जुलै उजाडायच्या आत लावा. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिलं की मूळ तळाशी गोल फिरतं, आणि एकदा गोल फिरलेलं मूळ जमिनीत गेल्यावरही बराच काळ गोलच फिरत राहतं. रोपवाटिकेतलं वर्षभराचं, उंच, फुलं आलेलं रोप म्हणूनच घ्यायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

खड्ड्याबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगतो. आपल्याकडे मुरमात खड्डा घेतला की तळ्यातला गाळ नाहीतर काळी माती आणून भरायची पद्धत आहे. तरवडासाठी हे करू नका. कडक मुरमातला काळ्या मातीने भरलेला खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि मुळं कुजतात. पाऊस संपला की मूळ त्या मऊ मातीतच घुटमळतं, मुरमात शिरत नाही, आणि उन्हाळ्यात तेवढी माती वाळली की झाड जातं. तुमच्या जास्वंदींचं बहुधा असंच झालं असावं. दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. तळाशी पहार मारून आणखी फूटभर मुरूम मोकळा करा. तोच मुरूम परत भरा, त्यात घमेलंभर जुनं, कुजलेलं शेणखत. रासायनिक खत अजिबात नको. ताकद मिळाली की शेंडे लांबलचक, लुसलुशीत होतात, त्यांवर पिठ्या ढेकूण बसतो, मुंग्या येतात आणि फुलं कमी होतात. ढेकूण दिसलाच तर तेवढा शेंडा कापून टाका किंवा साबणाच्या पाण्याने धुवा.

इथे एक गैरसमज खोडायला हवा. तरवड शेंगवर्गीय आहे, म्हणून तो मुळांच्या गाठींत नत्र साठवून जमीन सुपीक करतो, असं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं. सेना गटातल्या झुडपांच्या मुळांवर तशा गाठी होत नाहीत. तरवडाचा पाला कुजून जमिनीला खत मिळतं, हे खरं. तमिळनाडूत भातखाचरांत त्याचा पाला हिरवळीचं खत म्हणून तुडवत आले आहेत. पण तूर, हरभरा किंवा ताग हवेतलं नत्र धरतात तसं काम याच्याकडून मागू नका.

पाण्याचं सविस्तर लिहितो, कारण सगळं इथेच बिघडतं. लावणीनंतर पावसाने दहा-बारा दिवस ओढ दिली तरच पाणी द्या. पहिल्या वर्षी दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत पंधरा दिवसांनी एकदा, चैत्र-वैशाखात आठ दिवसांनी एकदा, दर वेळी झाडाला सात-आठ लिटर. पण हे पाणी हळूहळू जिरलं पाहिजे. रोज तांब्याभर दिलं तर वरची दोन बोटंच ओली होतात आणि मूळ त्या ओलीच्या मागे वर येतं. मग तुम्ही एकदा गावाला गेलात की झाड गेलंच. आठ दिवसांनी पोटभर दिलं तर पाणी खाली जातं आणि मूळ त्याच्या मागोमाग खाली जातं. सगळ्यात चांगलं म्हणजे बुडाशी बारीक छिद्र पाडलेलं मडकं, रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, छिद्रात सुती वात, तोंडावर झाकण. आठवड्यातून एकदा भरलं की झालं. ठिबक असेल तर रोज अर्धा तास न सोडता आठवड्यातून एकदा तीन-चार तास सोडा. दुसऱ्या उन्हाळ्यात सगळं मिळून दोन किंवा तीन वेळा पाणी. तिसऱ्या उन्हाळ्यात बंद. तेव्हा मे महिन्यात त्याची काही पानं पिवळी पडून गळतील, झुडूप विरळ दिसेल. घाबरून पाइप सोडू नका. पानं कमी करून तो खर्च आवरतो आहे, वळवाचे दोन सडाके झाले की फांद्या पुन्हा फुटतील.

पावसाळ्यात आळं मोडायला विसरू नका. उन्हाळ्यात पाणी धरणारं तेच आळं श्रावणात बुंध्याशी डबकं करतं. जमिनीत कुठे काळ्या मातीचा पट्टा असेल आणि तिथेच लावायचं असेल, तर दीड फुटाचा वरंबा करून त्यावर लावा. आच्छादन म्हणून पालापाचोळा चालेल, पण बुंध्यापासून चार बोटं दूर.

ऊन पूर्ण हवं. कडुलिंबाच्या सावलीत तो जगेल, फुलणार नाही. दोन झुडपांत चार ते पाच फूट अंतर ठेवा. कुंपण करायचं असेल तर अडीच फूट पुरतं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून बांधावर तो पूर्वीपासून राखला गेला. शेळ्याही सहसा टाळतात, दुष्काळात चाराच नसला तर कोवळे शेंडे कुरतडतात. गच्चीवर लावणाऱ्यांनी विचारलं होतं, त्यांना सांगतो: अर्धं कापलेलं पिंप घ्या, दीड फुटापेक्षा कमी खोलीत हा प्रयोग करू नका, आणि मातीत निम्मा मुरूम किंवा बारीक खडी मिसळा.

कोकण आणि गोव्यातल्या मंडळींनी मात्र तरवडाचा हट्ट धरू नये. तिथला पाऊस त्याला मानवत नाही. तुमच्या जांभ्या दगडावर धायटी, करवंद, पिटकुळी, भुतकेस ही तुमचीच झुडपं सुंदर येतात.

छाटणीची वेळ चुकली की वर्षाची फुलं जातात. तरवडाला फुलं नव्या फुटीच्या शेंड्यांकडे येतात. पाऊस पडला की फूट, फुटीवर कळ्या, आणि भाद्रपद-आश्विनात झुडूप पिवळं होतं. म्हणून छाटणी उन्हाळ्याच्या शेवटी, मेच्या मध्यापासून रोहिणी नक्षत्रापर्यंत. तिसऱ्या वर्षापासून सुरू करा, एक तृतीयांश उंची कमी करा, आत घुसलेल्या आणि वाळक्या फांद्या काढा. जुलै-ऑगस्टमध्ये बाग नीटनेटकी दिसावी म्हणून कुणी कात्री चालवली, तर नवरात्रात घटाच्या माळेला फूल मिळणार नाही. माझ्या घरी घटाला तरवडाची आणि कारळ्याची माळ असते, आणि ती फुलं विकत आणायची वेळ येऊ नये, हा माझा स्वतःचा लोभ आहे. तुम्ही सोलापूरचे, तेव्हा पूर्व भागात तेलुगू भाषकांच्या घरी त्याच दिवसांत बतुकम्मा रचलेली पाहिली असेल. त्या फुलांच्या उतरंडीतली पिवळी फुलं म्हणजे तंगेडु, आपला तरवडच. तेलंगणाने तर त्याला राज्यफूल केलं आहे. खाली तमिळनाडूत त्याला आवारम म्हणतात आणि तिथे एक म्हण आहे, तिचा अर्थ असा: आवारम फुललेला असताना कुणी मेल्याचं पाहिलंय का?

या म्हणीमुळे एक सावधगिरीही सांगावीशी वाटते. तरवडाच्या फुलांचा काढा मधुमेहावर घेणारे बरेच आहेत. तुमच्या अंगणात झाड फुललं की कुणीतरी फुलं मागायला येईलच. द्या, पण चालू असलेली गोळी किंवा इन्सुलिन बंद करून काढा पिण्याचा सल्ला कुणाला देऊ नका. माझ्या ओळखीतल्या एका माणसाने तसं केलं आणि त्याला दवाखान्यात भरती व्हावं लागलं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. पहिल्यांदा फूल आलं की सकाळी नवाच्या सुमारास दहा मिनिटं झुडपापाशी उभे राहा. काळा, मोठा भुंगा येईल, लाकूड पोखरून घर करणारा. तो फुलावर बसतो, पुंकेसर पायांत धरतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो. आवाज एकदम बदलतो, उडतानाच्या घूंघूंपेक्षा चढा, तुटक. तरवडाच्या फुलात मध नाही. परागकोश उघडे फाटत नाहीत, त्यांच्या टोकाला फक्त बारीक भोक असतं. मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा त्या थरथरीने पराग बाहेर उडतो. मधले आखूड पुंकेसर भुंग्याला खाऊ देतात. खालचे लांब, वाकडे पुंकेसर त्याच्या अंगाला, त्याला सहज पुसता येत नाही अशा जागी पराग लावतात. वरचे तीन तर वांझच असतात. आणखी एक गंमत पाहा, काही फुलांत स्त्रीकेसर डावीकडे वळलेला असतो, काहींत उजवीकडे. त्यामुळे एका फुलात भुंग्याच्या एका अंगाला लागलेला पराग उलट्या बाजूच्या फुलात नेमका पोचतो. शेंगा धरत नाहीत अशी तक्रार शहरातून येते तेव्हा मी आधी विचारतो, आसपास वाळकं लाकूड, जुना बांबू शिल्लक आहे का? या भुंग्याला घर लागतं. बागेच्या कोपऱ्यात एखादा वाळका ओंडका ठेवा.

आणि पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारा उचलू नका. बहुतेक त्या एमिग्रंट नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिकट हिरवट-पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात. तरवड आणि त्याचे भाऊबंद हेच त्यांचं अन्न. एखादी फांदी पार उघडी होते, पंधरा-वीस दिवसांत पुन्हा भरते. निरोगी झुडूप या अळ्यांनी मेलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत, इतकं रानटी झाड अंगणात लावलं तर लोक काय म्हणतील. आपल्या भागात याच झाडाची साल सोलून चामडं कमावत. पुढे परदेशातून दुसरी साल आली आणि हा व्यवहार मागे पडला. कामापुरती ओळख होती ती गेली, मग राहिलं ते नुसतं माळावरचं झुडूप. माळ फुटून प्लॉट पडले, तिथे जेसीबीने तरवड उखडला आणि त्याच जागी टँकरच्या पाण्यावर लॉन आलं. एखाद्या फाटकाशी पाच फुटांचं भरगच्च, पिवळ्या तुऱ्यांचं झुडूप उभं राहिलं की शेजारी नाव विचारतात आणि पुढच्या वर्षी बी मागतात. मी आजवर जिथे जिथे लावला तिथे हाच अनुभव आहे.

तुमच्या माळावरच्या झुडपांना आता हिरव्या शेंगा लागल्या असतील. त्यांना हात लावू नका. पौष-माघात शेंग वाळून हलवली की आत बी खुळखुळेल, तेव्हा पाच-सहा वेगवेगळ्या झुडपांवरून मूठ-मूठ शेंगा घ्या, सगळ्या एकाच झाडावरून नकोत, आणि निम्म्याहून जास्त तिथेच राहू द्या. दोन दिवस उन्हात टाकून बी सोडवा, कडुलिंबाचा वाळका पाला घालून कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. खड्डे उन्हाळ्यातच काढून ठेवा, तापू द्या. पहिला बरा पाऊस झाला की पेरा. दुसऱ्या वर्षी नवरात्राच्या आसपास पहिला तुरा दिसायला हरकत नाही.